कानतुटी एकच होती

"चाळीस मिनिटं?" विठ्ठलराव म्हणाले. "अगं पोरी, स्टेजवरच्या लोकायची नावं घ्यायलाच मला तेवढा टाइम लागतो."

हे मात्र अगदी खरं होतं. विठ्ठलरावांचं पंचायत समितीचं सभापतिपद जाऊन आठ वर्षं झाली होती, पण भाषण काही गेलं नव्हतं. चकलांब्यात कुणाच्या घरी बारसं असलं तरी ते, म्हणजे गावाचे अण्णा, दोन शब्द बोलायला उभे राहत, आणि ते दोन शब्द संपेपर्यंत पाळण्यातलं पोर दोनदा झोपून उठत असे. त्यांना सगळंच लांबलचक आवडायचं. गाडी लांब, मिशी लांब, हार घालायचा तर तो क्रेनला टांगलेला. आखूड गोष्ट दिसली की हिला काहीतरी कमी पडलं असणार, असं त्यांचं सरळ मत होतं.

ऋतुजा त्यांच्या ओसरीवर मोबाईल हातात धरून बसली होती. दोन वर्षं खपून तिनं एक गेम केला होता. शेजारी विठ्ठलरावांचा मुलगा आदिनाथ होता. बीडच्या कॉलेजात दोघं एका वर्गात शिकले. त्याच्याकडे भारी कॉम्प्युटर होता आणि डोक्यात काही नव्हतं. तिच्या डोक्यात सगळा गेम होता आणि घरी कॉम्प्युटर नव्हता. अशी ही भागीदारी दोन वर्षं बिनतक्रार चालली होती.

गेम साधा होता. एक मेंढपाळ सदतीस मेंढ्या घेऊन चकलांब्याहून निघतो, सिंदफणा ओलांडतो, बालाघाटाचा चढ चढतो आणि आष्टीकडच्या माळावर पोचतो. मारामारी नाही, बंदूक नाही. पडद्यावर अंगठा सरकवला की मेंढपाळ चालतो, दाबून धरला की खाली बसतो. एखाद्या मेंढीवर बोट टेकवलं की तिला हाक मारल्यासारखं होतं आणि ती कळपातून निघून जवळ येते. सगळ्या मेंढ्या माळावर आल्या की गेम संपला.

पण त्या सदतीस मेंढ्या काही ऋतुजानं मनानं रचलेल्या नव्हत्या. तिचे आजोबा हरिबा यांनी पन्नास वर्षं मेंढरं राखली. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी जवाब दिला, तेव्हा नेकनूरच्या बाजारात त्यांनी शेवटचा कळप विकला आणि घरी येऊन जे ओट्यावर बसले, ते बसलेच. जेवायचे, चहा प्यायचे, मोबाईलवर बैलबाजाराचे व्हिडिओ बघायचे, पण बोलणं थांबलं होतं. मग ऋतुजानं एकेक मेंढी विचारायला सुरुवात केली. "आबा, कानतुटी कशी होती?" एवढं विचारलं की तासभर आबा बोलत. कानतुटीचा डावा कान कुत्र्यानं तोडलेला; हाक मारली की आधी उजवीकडं मान वळवायची, मग यायची. काळतोंडी पाण्याला भ्यायची. बांडी चालता चालता बांधावरच्या पिकात तोंड घालायचीच. आणि लंगडी सगळ्यांच्या मागून यायची, पण यायची. ऋतुजा ऐकायची, वहीत लिहायची आणि दुसऱ्या दिवशी आदिनाथच्या कॉम्प्युटरवर ती मेंढी तिच्या खोडीसकट उभी करायची. आबांना अजून तिनं काहीच दाखवलं नव्हतं. पुरता झाला की एकदमच दाखवायचा, असं तिनं मनात धरलं होतं. सगळ्या जगानं नंतर खेळला तरी चालेल, पहिल्यांदा आबांनी खेळायचा.

आता पुण्याच्या एका कंपनीची मेल आली होती. गेम त्यांना फार आवडला होता. मात्र, असं पुढं लिहिलं होतं, तो फारच छोटा आहे. निदान आठ-दहा तासांचा असावा. वाढवून सोमवारपर्यंत पाठवा. सोबत एक फॉर्म होता आणि त्यात एक चौकोन: गेमची लांबी, तासांमध्ये. कंपनीनं गेम घेतला तर ऋतुजा घरी बसून दुसरा गेम करायला मोकळी होती. नाही घेतला तर पुढल्या महिन्यापासून बीडच्या एका क्लासात पोरांना टायपिंग शिकवायला जायचं ठरलेलं होतं. टायपिंगचं तिला काही वाईट वाटत नव्हतं. पण डोक्यातले गेम तिथं डोक्यातच राहणार, हे तिला कळत होतं.

"अण्णा," ती म्हणाली, "गेम किती लांब हाय ते बघायचं, का कसा हाय ते?"

"दोन्ही बघत्यात," विठ्ठलराव म्हणाले. "पण लांबी कशी, रस्त्यावरनंबी दिसती. चांगलं-वाईट बघायला घरात यावं लागतं. तेवढा टाइम कोणाला हाय?"

"अन् दहा तास खेळायला टाइम हाय व्हय?"

विठ्ठलरावांनी मिशीवरून हात फिरवला. एखादा प्रश्न विरोधी पक्षाचा वाटला की ते असंच करत.

"ऋतुजा, ऐक ना," आदिनाथ मध्ये पडला. "तू कावून घाबरतीस? म्या वाढवतो. मेंढरं कॉपी करायची, माळ कॉपी करायचा. चार दिवसांचं काम."

"आन् त्या मेंढ्या करतील काय?"

"चालतील. मेंढ्या दुसरं काय करत्यात?"

ऋतुजानं त्याच्याकडं बघितलं. मेंढ्या दुसरं काय करतात यावर दोन वर्षांत तिच्या चार वह्या भरल्या होत्या. पण सोमवार जवळ होता, कॉम्प्युटर त्याचा होता, आणि कंपनीची मेल तिनं इतक्यांदा वाचली होती की ती पाठ झाली होती. ती "बरं" म्हणाली.

आदिनाथ कामाला लागला की मन लावून करायचा, हा त्याचा गुण होता. चार दिवसांत त्यानं एकाच माळाचे सात माळ केले. एक हिरवा, एक तांबूस, एक जरा निळसर. वाटेत तीनशे बोरं पसरली, ती वेचल्याशिवाय पुढं जाता येणार नाही अशी सोय केली. आणि घाट संपताच सदतीस मेंढ्यांच्या एकशे पंच्याऐंशी केल्या, प्रत्येकीच्या पाच. घड्याळ लावून सगळा गेम त्यानं मोजला.

"दहा तास दहा मिनिटं," त्यानं अभिमानानं सांगितलं. वरच्या दहा मिनिटांचा त्याला विशेष आनंद झाला होता.

विठ्ठलरावांना तर एवढा आनंद झाला की त्यांनी लगेच लोकार्पण जाहीर केलं. रविवारी सकाळी अकरा वाजता, गावच्या मंगल कार्यालयात. फ्लेक्स लागला. त्यावर विठ्ठलराव पुरुषभर, आदिनाथ हातभर, ऋतुजा वीतभर, आणि मेंढी एकच, तीही कोपऱ्यात. फीत कापण्याऐवजी ज्येष्ठ मेंढपाळ हरिबा यांच्या हस्ते गेमचा शुभारंभ, अशी ओळ खाली होती. ती कल्पना मात्र ऋतुजाची होती. आबांनी पहिल्यांदा खेळायचा, एवढं तरी तिनं सोडलं नव्हतं.

घरी हे कळलं तेव्हा तिची आजी दगडाबाई म्हणाली, "दहा तासांचा गेम हाय म्हणं. मंग भाकर बांधून देऊ का?"

"आजी, थोडाच वेळ बसायचंय त्यायनी."

"तुह्या आजोबाला थोडा येळ कुठं बसता येतंय?" असं म्हणून दगडाबाईनं तीन भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधलाच.

रविवारी मंगल कार्यालयाचा मंडप भरला. पुढं अण्णांचे कार्यकर्ते, मागं धनगरवाड्यातली आणि आजूबाजूच्या गावातली मेंढरं राखणारी माणसं. त्यात हरिबांचा जुना जोडीदार बिभीषण होता. लग्नात नवरानवरी दाखवतात तो मोठा पडदा लावला होता. विठ्ठलरावांच्या खिशात भाषणाचे अकरा कागद होते. आधी बटण दाबायचं, मग भाषण, असा क्रम होता. हरिबांनी दोन मिनिटं मेंढरं हाकावीत आणि टाळ्यांमध्ये खाली उतरावं, ही अपेक्षा.

ऋतुजानं आदिनाथचा मोबाईल आबांच्या हातात दिला आणि शेजारी उभं राहून अंगठा कसा सरकवायचा ते दाखवलं. पडद्यावर चकलांब्याची वेस दिसली, वेशीतून मेंढरं बाहेर पडायला लागली, आणि हरिबांचा हात हवेतच थांबला.

"ही तर बांडी," ते म्हणाले.

"व्हय आबा."

"अन् ही काळतोंडी. अगं, ही तर सगळी..."

त्यांनी नातीकडे एकदा बघितलं, फेट्याचा शेव खांद्यावर नीट टाकला, खुर्चीत सरळ होऊन बसले आणि निघाले. ऋतुजाचा ऊर भरून आला. आणि त्याच क्षणी तिला घाटाच्या पलीकडच्या एकशे पंच्याऐंशी मेंढ्या आठवल्या, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन मिनिटं झाली, टाळ्याही झाल्या. हरिबा उठले नाहीत. नदीवर काळतोंडी अडली, तिला त्यांनी हाक मारून, थोपवून, तीनदा पाण्याजवळ नेऊन पलीकडं काढलं. बांडीनं ज्वारीत तोंड घातलं तेव्हा त्यांनी तोंडानं खरीखुरी शीळ घातली, आणि ती मोबाईलला ऐकू जात नसते हे लक्षात आल्यावर बोट टेकवलं. मागच्या रांगा हसल्या. मग गेममध्ये ऊन वर आलं. मेंढ्या थांबल्या आणि एकमेकींच्या पोटाखाली माना घालून उभ्या राहिल्या, जशा भर दुपारी राहतात. इथं आदिनाथ अर्ध्या मिनिटात पुढं जायचा. हरिबांनी अंगठा दाबून धरला. पडद्यावरचा मेंढपाळ बाभळीखाली बसला.

पाच मिनिटं गेली. पडद्यावर काहीही हलत नव्हतं.

"अडकला काय गं?" विठ्ठलरावांनी हळूच विचारलं.

"न्हाई अण्णा. बसलेत."

"कावून?"

"ऊन झालंय."

विठ्ठलरावांनी आपल्या अकरा कागदांवरून हात फिरवला. तेवढ्यात हरिबांनी डाव्या हातानं दगडाबाईला खूण केली. दगडाबाई फडकं घेऊन स्टेजवर चढली, मोबाईलवरचा अंगठा न उचलता हरिबांनी एका हातानं भाकर मोडली, आणि माजी सभापती, सरपंच, मान्यवर सगळे बघत असताना ठेचा लावून खायला सुरुवात केली. मागं बिभीषणानं चंची काढली आणि तंबाखू मळायला घेतला. चार जणांनी त्याच्यापुढं हात केले. सगळा मागचा भाग निवांत झाला. पुढचे कार्यकर्ते घड्याळ बघत होते. पडद्यावरची उन्हं कलली, सावल्या फिरल्या, तेव्हा कुठं हरिबांनी अंगठा उचलला आणि मेंढरं घाटाला लावली.

घाट संपला. आणि वळणावर कळप एकाएकी फुगला.

हरिबांना आधी नीट उमगलं नाही. सवयीनं त्यांनी कानतुटीवर बोट टेकवलं. पाच कानतुट्या आल्या. त्यांनी लंगडीला हाक मारली. पाच लंगड्या एका ठेक्यात लंगडत आल्या. मंडपात खसखस पिकली. हरिबा हसले नाहीत.

"हे कुणाचं खांड मिसळलं ह्यात?"

आदिनाथ लगबगीनं पुढं आला. "आबा, कळप मोठा झालाय. चला तुमी पुढं. आता बोरं वेचायची हायत."

"कानतुटी एकच होती," हरिबा म्हणाले. "तिचा कान माह्या डोळ्यादेखत तुटला. पाच येळा न्हाई तुटला."

"आबा, गेम हाय ह्यो."

"गेम हाय ते मला ठाव हाय. मला काय येडा समजतूस का बे? पर गेम झाला म्हणून दुसऱ्याची मेंढरं हाणून न्यायची व्हय?"

मागच्या रांगांत हे लगेच पटलं. माळावर दोन कळप मिसळले तर मेंढपाळ तिथंच थांबतो, ही साधी रीत आहे. आपली मेंढरं वळखून एका अंगाला काढायची, दुसऱ्याची जाळीत कोंडायची आणि धनी येईपर्यंत हलायचं नाही. धन्यानं येऊन एकेकीची खूण सांगायची आणि मग न्यायची. हरिबांनी एकदा शिरूरच्या माळावर कुणा अनोळखी माणसाच्या अकरा मेंढ्यांसाठी दोन दिवस मुक्काम केला होता. इथं तर खुर्ची होती, पंखा होता आणि दीड भाकर शिल्लक होती.

त्यांनी निवडायला सुरुवात केली.

आणि इथं आदिनाथची खरी पंचाईत झाली. मेंढ्यांची कॉपी करताना त्यानं रूप घेतलं होतं, चाल घेतली होती. खोडी घेतल्या नव्हत्या. खोडी लिहिलेल्या फाईली फार मोठ्या होत्या आणि मेंढ्यांनी नुसतं चालायचंच तर होतं. हरिबांनी पाचही काळतोंड्या ओढ्याकडं नेल्या. चार सरळ पाण्यात उतरल्या. एक काठावर अडून बसली.

"ही आपली," हरिबा म्हणाले आणि तिला एका अंगाला घेतलं.

पाच बांड्या त्यांनी ज्वारीच्या कडेनं चालवल्या. चार शहाण्या पोरींसारख्या नाकासमोर चालत गेल्या. पाचवीनं तोंड घातलं.

"घातलं! घातलं बघा!" बिभीषण ओरडला. "हीच ती चोरटी!"

आता मागच्या रांगा उठून पुढं आल्या. काही जण कार्यकर्त्यांच्या खुर्च्यांवर हात टेकून उभे राहिले, काही तर थेट मांडीला मांडी लावून बसले. "ती न्हाई हरिबा, ती डावीकडची!" "मान वळवली का तिनं? न्हाई वळवली, सोडा तिला!" पुढं पुढं तर सरपंचही, "आता दुसऱ्यांदा हाक मारून बघा," असं सुचवायला लागले. पाऊण तास हे चाललं. बोरं तशीच पडून होती. तीनशेतलं एक कुणी उचललं नाही.

शेवटी एका अंगाला सदतीस उभ्या राहिल्या. दुसऱ्या अंगाला एकशे अठ्ठेचाळीस. हरिबांनी मोबाईल मांडीवर ठेवला आणि मंडपाकडं तोंड केलं.

"ह्या मेंढरांचा धनी कोण?"

सगळ्यांच्या माना आदिनाथकडं वळल्या. त्याला पळायला जागा नव्हती.

"माह्या हायत, आबा," तो म्हणाला.

"तुपल्या? बरं. खूण सांग आन् घेऊन जा."

"खूण..." आदिनाथनं पडद्याकडं बघितलं. एकशे अठ्ठेचाळीस मेंढ्यांनी त्याच्याकडं बघितलं. "आबा, खूण न्हाई त्यायला. काहीच न्हाई. गेम लांबावा म्हणून नुसत्या घातल्यात."

"म्हंजी नाव न्हाई, खोड न्हाई, कुठून आल्या ठाव न्हाई?"

"न्हाई."

"मंग तुपल्याबी न्हाईत त्या," हरिबा म्हणाले. "कोणाच्याच न्हाईत."

सगळा मंडप हसला. आदिनाथचे कान लाल झाले, पण पोरगा मनाचा चांगला होता, थोड्या वेळानं तोही हसला. एकटी ऋतुजा हसली नाही. तिला आपलं ते "बरं" आठवत होतं. मेंढ्या आदिनाथनं घातल्या होत्या, पण वेस तिनं उघडून दिली होती. ती पुढं झाली.

"आबा, चूक माही हाय. म्या हो म्हणले. आपला गेम एवढा न्हाई. आपला चाळीसच मिनिटांचा हाय." तिनं स्वतःचा मोबाईल काढला. "जुना ह्याच्यात हाय. ह्यो खेळा."

"अगं, मंग कंपनीचं?" विठ्ठलराव खुर्चीतून अर्धे उठले.

"कंपनीला हाच धाडते, अण्णा. घेतला तर घेतला."

"अन् न घेतला तर?"

"टायपिंग शिकवीन," ऋतुजा म्हणाली. आदिनाथनं तोवर तिच्या मोबाईलला पडद्याची वायर जोडली होती. त्यानं तिला काही विचारलं नाही. एवढ्यासाठी तिनं त्याला मनातल्या मनात बरंचसं माफ केलं.

हरिबा पुन्हा वेशीतून निघाले. मंडपातलं कुणीच उठलं नाही असं नाही; दहा-बारा जण उठले, चहा पिऊन परत आले आणि शेजाऱ्याला "कुठवर आली?" असं विचारून बसले. पुन्हा नदी, पुन्हा काळतोंडीचे नखरे, पुन्हा बाभळीखालची बसकण. उरलेली दीड भाकर या वेळी बिभीषणासोबत वाटून झाली. घाट चढून मेंढरं आष्टीच्या माळावर आली. एक, दोन, दहा, वीस, छत्तीस. गेम संपला नाही.

"एक राह्यली," पुढून कुणीतरी म्हणालं. "मागं जाऊन बघा, हरिबा."

हरिबा मागं गेले नाहीत. त्यांनी अंगठा दाबून धरला आणि मेंढपाळाला खाली बसवलं.

"येती," ते म्हणाले. "तिला येळ लागतो."

नेकनूरच्या बाजारात टेम्पोत चढवताना लंगडीच शेवटची होती. तिला दोन्ही हातांनी उचलून आत ठेवलं आणि हरिबा जे निघाले ते त्यांनी मागं वळून बघितलं नाही. ऋतुजाला हे दगडाबाईनं सांगितलं होतं. आबांनी कधीच नाही. तिनं गेमचा शेवट म्हणूनच असा केला होता. तो बरोबर झालाय की नाही, हे आत्ता कळणार होतं.

चढाच्या कडेवर आधी एक कान दिसला. मग डोकं. मग लंगडी आली, एक पाऊल टाकून थांबत, आपल्या चालीनं, कुणाचीही घाई न करता, आणि मेंढपाळाच्या पायाशी येऊन बसली.

हरिबा रडत होते. लपवायचंही त्यांनी काही केलं नाही; फेट्याच्या शेवानं डोळे पुसले, नाक पुसलं, पुन्हा डोळे पुसले. दगडाबाई खालून म्हणाली, "आता कसं बोललात," आणि खरं तर ते एक शब्दही बोलले नव्हते.

विठ्ठलराव उभे राहिले. त्यांचं मत अजून सुटत नव्हतं.

"हरिबा, एक खरं सांगा. लई छोटा न्हाई का वाटला?"

हरिबांनी पडद्याकडं बघितलं. सदतीस मेंढ्या माळावर रवंथ करत होत्या.

"छोटा कसा, अण्णा?" ते म्हणाले. "सगळी आली की."

विठ्ठलरावांनी खिशातून अकरा कागद काढले. मंडपानं सवयीनं पाय सैल सोडले. अण्णांनी पहिल्या कागदाकडं बघितलं, मग हरिबांकडं, मग कागदांची घडी घालून पुन्हा खिशात ठेवली.

"जेवणं करून घ्या," ते म्हणाले, आणि बसले.

अशा टाळ्या त्यांच्या उभ्या राजकारणात त्यांना मिळाल्या नव्हत्या. त्या नेमक्या कशाच्या, हे त्यांना पुढं आठवडाभर कळत नव्हतं, आणि सांगायचं धाडस घरातही कुणी केलं नाही.

सोमवारी सकाळी आदिनाथ लॅपटॉप घेऊन ऋतुजाच्या घरी आला. ओट्याच्या आतल्या खोलीत बसून दोघांनी फॉर्म भरला. नाव, गाव, भाषा, आणि तो चौकोन: गेमची लांबी, तासांमध्ये. ऋतुजानं शून्य टाकून त्यापुढं टिंब दिलं, तर चौकोन लाल झाला. त्याला पूर्णच आकडा हवा होता.

"दोन टाक," आदिनाथ म्हणाला. "आबांना दोन तास लागले. खोटं कुठाय त्यात?"

"आबांना लागले. सगळ्यांना न्हाई लागणार." तिनं एक टाकला. दहाच्या जागी तो फारच एकटा दिसत होता. टायपिंगच्या क्लासचं कार्ड समोरच्या फळीवर तसंच होतं. मग तिनं बटण दाबलं, आणि गेम गेला.

"गेला," आदिनाथ म्हणाला. "आता बघू काय म्हणत्यात."

"बघू."

बाहेर ओट्यावर काठी आपटल्याचा आवाज झाला. हरिबांनी आज सकाळी सकाळीच आंघोळ उरकून फेटा बांधला होता, आणि दगडाबाईकडून भाकरही बांधून घेतली होती.

"ऋतुजा!" त्यांनी हाक मारली. "झालं का न्हाई तुपलं? दिवस कासराभर वर आला. मेंढरं सोडायची हायत."